टॅरिफ आणि परकीय गुंतवणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅरिफ (आयात मालावरचा कर) वाढवा, परदेशी कंपन्या झक मारत आत येऊन कारखाने टाकतील, देश श्रीमंत होईल, असं एक सरळसोट गणित सगळीकडे फिरत असतं. दुसऱ्या बाजूला टॅरिफचं नाव काढलं की वाटोळं झालंच म्हणून समजा असं म्हणणारेही आहेत. संशोधन उघडून बसलं की दोन्हीतलं अर्धंअर्धं गळून पडतं. माझं मत आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची उत्तरं वाचताना गोंधळ नको: कारखाना आला की नाही एवढ्यावर थांबायचं नाही, तो कशाच्या जोरावर आला आणि त्याच्या कमाईतलं देशात काय उरलं हे विचारायचं. राष्ट्रीय उत्पन्न तिथे ठरतं, उद्घाटनाच्या फीत कापण्यात नाही.

टॅरिफ नेमका भरतं कोण? परदेशी कंपनीच ना?

नाही. कागदोपत्री तो आयात करणारा भरतो, माल कस्टम्समधून सोडवताना. खरा प्रश्न असा की शेवटी भार कोणावर पडतो, कारण परदेशी निर्यातदाराने आपला माल स्वस्त केला तर भार त्याच्यावर गेला आणि नाही केला तर आपल्यावर. हे तपासायची मोठी संधी २०१८ मध्ये मिळाली, अमेरिकेने वॉशिंग मशीन, सोलर पॅनल, स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि मग चीनच्या ढीगभर मालावर टॅरिफ लावले तेव्हा. मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन यांनी कस्टम्सचे आकडे तपासले तर टॅरिफ धरायच्या आधीची किंमत जवळजवळ हललीच नव्हती, म्हणजे पहिल्या वर्षात सगळा भार अमेरिकेतल्या खरेदीदारांवर. पाब्लो फाजगेलबॉम आणि सहकाऱ्यांनाही तेच दिसलं. गीता गोपीनाथ ज्या अभ्यासात होत्या त्यात एक बारकावा पुढे आला: बंदरावर किंमत पूर्ण वाढली पण दुकानात तेवढी वाढली नाही, मधला काही भाग रिटेलवाल्यांनी आपल्या मार्जिनमधून सोसला. स्टीलच्या बाबतीत परदेशी उत्पादकांनी नंतर भाव बरेच उतरवले. तेव्हा "नेहमीच आपणच भरतो" असा नियम नाही, पण "ते भरतात" हे तर त्याहून चुकीचं.

एफडीआय (थेट परकीय गुंतवणूक) आणि शेअर बाजारात येणारा परकीय पैसा एकच का?

नाही. परदेशी गुंतवणूकदाराकडे कंपनीतले १० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार असतील तर ती थेट गुंतवणूक धरतात, त्याखाली पोर्टफोलिओ गुंतवणूक. शेअर बाजारातला पैसा एका दुपारी निघून जाऊ शकतो, पाया खणून बसवलेली मशिनरी तशी उचलून नेता येत नाही. पण एफडीआय म्हणजे नवीन कारखानाच असंही नाही, चालू असलेली कंपनी विकत घेतली तरी ते एफडीआयच, आणि त्यात एकही नवीन वीट रचली जात नाही.

टॅरिफमुळे परदेशी कंपन्या खरंच आत येतात का?

येतात, हे मान्य करायलाच हवं. बाहेरून माल पाठवणं महाग झालं की कंपनी भिंतीवरून उडी मारून आत येते, अभ्यासकही याला टॅरिफ जंपिंगच म्हणतात. जुनं उदाहरण कॅनडाचं. १८७९ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड यांच्या सरकारने आयातीवर जबर टॅरिफ लावले आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकन कंपन्यांनी तिथे शाखा कारखान्यांची रांग लावली. जपानी मोटारींचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली तिथे पाठवायच्या गाड्यांवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली, हा टॅरिफ नव्हे पण परिणाम त्याच जातीचा, आणि १९८२ मध्ये होंडा ओहायोत, १९८३ मध्ये निसान टेनेसीत, १९८८ मध्ये टोयोटा केंटकीत गाड्या बनवायला लागली.

पण तारखा नीट बघा. होंडाने ओहायोतल्या मोटारींच्या कारखान्याची घोषणा १९८० च्या सुरुवातीलाच केली होती, मर्यादा यायच्या आधी. म्हणजे निर्बंधाची चाहूल, मोठी बाजारपेठ आणि कंपनीचं स्वतःचं धोरण हे सगळं एकात एक गुंतलेलं, त्यातून टॅरिफचा किंवा कोट्याचा वाटा वेगळा काढणं हेच तर संशोधकांचं काम. ब्रूस ब्लोनिगेन यांनी अँटी-डम्पिंग ड्यूटीच्या (परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकला जातोय म्हणून लावलेल्या जादा कराच्या) बाबतीत ते करून पाहिलं, तर उडी मारणाऱ्या मुख्यतः औद्योगिक देशांतल्या बहुराष्ट्रीय कंपन्या निघाल्या, बाकीच्यांची उडी फारशी दिसत नाही. ज्यांच्याकडे भांडवल आणि परदेशात कारखाना चालवायचा अनुभव आहे त्याच येतात, बाकीचे दुसरं गिऱ्हाईक शोधतात किंवा दुसऱ्या देशातून माल पाठवतात.

दुसऱ्या देशातून म्हणजे कसं?

वॉशिंग मशीनची गोष्ट यासाठी अगदी वाचण्यासारखी आहे. आरॉन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांचा अभ्यास. अमेरिकेने आधी, २०१२ च्या सुमारास, दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशीनवर अँटी-डम्पिंग ड्यूटी लावली, उत्पादन चीनला गेलं. मग चीनवर लावली, उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामला गेलं. इथपर्यंत अमेरिकेत ना कारखाना आला ना भाव वाढले. शेवटी २०१८ च्या जानेवारीत जवळपास सगळ्याच देशांवर एकदम टॅरिफ आला, पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के, पळायला जागाच उरली नाही, आणि सॅमसंग दक्षिण कॅरोलिनात तर एलजी टेनेसीत उत्पादन करायला लागली (दोन्ही कारखान्यांची घोषणा मात्र २०१७ मधलीच).

आता हिशोब. मशीनच्या किमती सुमारे १२ टक्के वाढल्या, एका मशीनमागे ८६ डॉलरच्या आसपास. ड्रायरवर टॅरिफ नव्हताच, पण वॉशर आणि ड्रायर लोक जोडीने घेतात म्हणून कंपन्यांनी ड्रायरही जवळपास तेवढेच महाग केले. देशातच बनवणाऱ्या कंपन्यांनीही भाव वाढवले, त्यांना कोण अडवणार. नव्या नोकऱ्या साधारण १८०० आणि टॅरिफचा महसूल वजा केल्यावर एका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला पडलेला खर्च सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर. त्या १८०० लोकांना काम मिळालं ही चांगलीच गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं नाही, पण तेवढ्या पैशात किती तरी जास्त लोकांचं भलं करता आलं असतं हेही तितकंच खरं.

ठीक आहे, पण कारखाना आला म्हणजे देशाचा फायदाच ना? तोटा कसा होईल?

इथेच बहुतेक चर्चा घसरते म्हणून जरा सावकाश बघू. १९७७ मध्ये रिचर्ड ब्रेचर आणि कार्लोस दियाझ-अलेहांद्रो यांनी दाखवलं की टॅरिफच्या आडोशाने आलेलं परकीय भांडवल देशाला आधीपेक्षा गरीब करू शकतं. ऐकायला विचित्र वाटतं, आकडे घालून बघा.

समजा एक वस्तू जगाच्या बाजारात १०० ला मिळते, तुमच्या देशाने २० टक्के टॅरिफ लावलाय, आत ती १२० ला विकली जाते. आयात केली तर ग्राहक १२० देतो, १०० बाहेर जातात, २० सरकारी तिजोरीत. आता परदेशी कंपनी आत आली आणि तीच वस्तू इथे बनवायला लागली. ग्राहक अजूनही १२० च देतोय, कारण भिंत तशीच आहे. त्यातले ९० इथले कामगार आणि पुरवठादार यांना गेले, ३० कंपनीचा नफा, तो बाहेर गेला. तिजोरीतले २० गायब. "पण ९० तर देशात राहिले!" हो, पण ते कामगार आणि तो माल आधी रिकामे बसले नव्हते, दुसरीकडे कुठेतरी ९० ची वस्तू बनवतच होते, ती आता बनत नाही. म्हणजे जी वस्तू देशाला १०० ला पडायची तिच्यासाठी ९० ची साधनं आणि ३० चा नफा मिळून १२० मोजले गेले. कारखाना नवीन, जीडीपीत भर, आणि राष्ट्रीय उत्पन्न प्रत्येक नगामागे २० ने कमी.

या हिशोबाला दोन खिडक्या आहेत. एक, कंपनीच्या नफ्यावर कर लावला, समजा २५ टक्के, तर ३० मधले साडेसात परत आले, तोटा साडेबारावर आला. (आणि याच कंपनीला टॅक्स हॉलिडे (काही वर्षं करमाफी) दिला असेल तर तेही गेलं, हे किती देश करतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं.) दुसरी, ते कामगार आधी खरोखर बेकार असतील तर ९० चा मोठा भाग निव्वळ फायदा धरावा लागतो आणि निकाल उलटू शकतो. म्हणून बेरोजगारी किती आहे हे विचारल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच नाही.

कॅनडात याच्या जोडीला आणखी एक दुखणं झालं. बाजार छोटा, त्यात प्रत्येक अमेरिकन कंपनीची एकेक छोटी शाखा, प्रत्येक जण सगळीच मॉडेल थोडी थोडी बनवणार, मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचा फायदा कोणालाच नाही. १९६५ मध्ये अमेरिकेशी मोटारींचा करार झाला, दोन्हीकडच्या कारखान्यांनी कामं वाटून घेतली, तेव्हा कुठे ते सुटलं.

जीडीपी वाढला आणि राष्ट्रीय उत्पन्न घटलं, असं होऊच कसं शकतं?

जीडीपी देशाच्या हद्दीत काय बनलं ते मोजतं, राष्ट्रीय उत्पन्न देशाच्या लोकांच्या हाती काय आलं ते. मधला फरक म्हणजे बाहेर गेलेला नफा, व्याज वगैरे. आयर्लंडमध्ये परदेशी कंपन्यांचा पसारा एवढा मोठा की तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला स्वतःचा वेगळा सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा काढावा लागला, कारण २०१५ मध्ये जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढला असं दिसलं आणि लोकांच्या आयुष्यात तसं काही घडलेलं नव्हतं.

कच्च्या मालावरचा टॅरिफ आणि तयार मालावरचा, यात काय फरक पडतो?

प्रचंड. मॅक्स कॉर्डन यांनी १९६६ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. तयार वस्तू १०० ची, तिला लागणारा आयात माल ८० चा, म्हणजे इथे होणारं काम २० चं. तयार वस्तूवर १० टक्के टॅरिफ आणि कच्च्या मालावर शून्य असेल तर आतल्या उत्पादकाला ११० वजा ८०, म्हणजे २० च्या जागी ३० मिळतात, संरक्षण दिसायला १० टक्के पण प्रत्यक्षात ५० टक्के. आता कच्च्या मालावर १५ टक्के लावा. ८० चे ९२ झाले, ११० वजा ९२ म्हणजे १८. संरक्षण द्यायला गेलात आणि उत्पादकाच्या खिशातून २ काढून घेतले. अशी उलटी ड्यूटी असलेल्या देशात शहाणी परदेशी कंपनी कारखाना टाकणार नाही, बाहेर बनवून तयार मालच पाठवेल.

प्रत्यक्ष पुरावाही याच बाजूने आहे. इंडोनेशियाच्या कारखान्यांवर मेरी अमिती आणि योझेफ कोनिंग्स यांनी केलेल्या अभ्यासात कच्च्या मालावरचा टॅरिफ १० टक्के बिंदूंनी उतरवला की आयात करणाऱ्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, तयार मालावरचा टॅरिफ उतरवून मिळणाऱ्या फायद्याच्या किमान दुप्पट. भारतात १९९१ नंतर टॅरिफ झपाट्याने खाली आले त्यावर पिनेलोपी गोल्डबर्ग, अमित खंडेलवाल, नीना पावच्निक आणि पेटिया टोपालोव्हा यांनी काम केलं, त्यांच्या मते देशी कंपन्यांनी बाजारात आणलेल्या नवीन उत्पादनांपैकी सरासरी ३१ टक्क्यांचं श्रेय स्वस्त झालेल्या आयात कच्च्या मालाला जातं. पूर्वी मिळतच नव्हते असे सुटे भाग आणि रसायनं मिळायला लागली, मग नवीन वस्तू बनवता आल्या. परवडणारा बोल्टच नसेल तर मशीन कसं बनवणार.

मग टॅरिफ कमी केला तर एफडीआय वाढतं की घटतं?

कंपनी कशासाठी येतेय त्यावर. इथल्याच गिऱ्हाईकाला विकायला येणारी असेल तर टॅरिफ उतरल्यावर तिचं येण्याचं कारण कमी होतं. रॉबर्ट मुंडेल यांनी १९५७ मध्ये हेच सांगितलं होतं, माल अडवला की भांडवल हलतं आणि माल मोकळा सोडला की भांडवलाला हलायची गरज कमी. पण इथे सुटे भाग आणून, जोडून, पुन्हा बाहेर पाठवणारी असेल तर तिला टॅरिफ म्हणजे दोनदा भुर्दंड, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार आला आणि मेक्सिकोत गुंतवणूक वाढली ती या दुसऱ्या जातीची. आजकालचं उत्पादन पाच-सहा देशांत तुकड्यातुकड्याने होतं, त्यामुळे दुसरी जात वाढत गेली आहे आणि १८७९ चं गणित जसंच्या तसं लावणं धोक्याचं आहे.

परकीय गुंतवणूक वाढवायची आणि व्यापार तूटही कमी करायची, दोन्ही एकदम जमेल ना?

सहसा नाही, आणि हे मत नसून हिशोब आहे. बाहेरून निव्वळ भांडवल आत येतंय म्हणजेच चालू खात्यावर (परदेशाशी होणाऱ्या व्यापाराच्या आणि उत्पन्नाच्या हिशोबात) तूट आहे, एकाच नाण्याच्या दोन बाजू. गुंतवणूक देशांतर्गत बचतीपेक्षा जास्त असेल तर फरक बाहेरून येतो. टॅरिफने हा फरक आपोआप बदलत नाही. दाविदे फुर्चेरी, स्वर्णाली हन्नान, जोनाथन ऑस्ट्री आणि अँड्र्यू रोझ यांनी १५१ देशांचे १९६३ ते २०१४ चे आकडे घेतले, टॅरिफ वाढल्यावर उत्पादन आणि उत्पादकता घटली, विषमता आणि बेरोजगारी वाढली, आणि व्यापार संतुलन जवळपास जिथल्या तिथे, कारण चलन वधारलं.

परदेशी कंपनीकडून देशी कंपन्या शिकतात का?

शेजारी बसून आपोआप कोणी शिकत नाही. ब्रायन एटकन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलाचे कारखाने तपासले तर त्याच उद्योगातल्या देशी कंपन्यांची उत्पादकता उलट घटली होती, परदेशी कंपनीने त्यांचं गिऱ्हाईक पळवलं होतं. बिआटा यावोर्चिक यांनी लिथुआनियात वेगळी जागा शोधली: फायदा होतो तो माल पुरवणाऱ्यांना. परदेशी कंपनी पुरवठादाराकडून दर्जा मागते, वेळ मागते, माल परत पाठवते, त्यातून तो सुधारतो. आणि १९९८ मध्ये बोरेन्स्टाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली यांनी ६९ विकसनशील देश घेऊन दाखवलं की एफडीआयचा वाढीला उपयोग व्हायला लोकांचं शिक्षण एका किमान पातळीला पोचलेलं लागतं.

म्हणून मला स्क्रू ड्रायव्हर फॅक्टरीचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. टॅरिफची उडी मारून आलेली कंपनी पुष्कळदा पेटीतून आलेले भाग फक्त जोडते, इथल्या पुरवठादारांशी तिचा संबंधच येत नाही. मग सरकारं म्हणतात की अमुक टक्के माल इथलाच घ्या. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या गुंतवणूकविषयक करारात अशी सक्ती करायला बंदी आहे, तरी आडमार्गाने ती होत राहते.

म्हणजे नव्या उद्योगाला संरक्षण देऊच नये का?

तसं मी म्हणत नाही. रेका युहास यांनी नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीचा अभ्यास केलाय, १८०६ नंतर ब्रिटिश सूत फ्रान्सच्या उत्तर भागात पोचेना, दक्षिणेत त्यामानाने पोचत राहिलं, आणि यंत्रावरची सूतकताई उत्तरेत वाढली आणि नंतरही टिकली. हा पुरावा भक्कम आहे. उलट डग्लस अर्विन यांनी अमेरिकेच्या टिनप्लेट (कथिलाचा मुलामा दिलेले पत्रे) उद्योगाचा हिशोब मांडला, १८९० च्या टॅरिफमुळे तो उद्योग साधारण दहा वर्षं लवकर उभा राहिला खरा पण ग्राहकांनी मोजलेली किंमत फायद्यापेक्षा जास्त निघाली. उद्योग उभा राहणं आणि देशाला ते परवडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

टॅरिफ सतत बदलत राहिला तर?

हे सगळ्यात वाईट. कारखाना वीस-तीस वर्षांसाठी टाकतात, टॅरिफ उद्या राहणार की जाणार हे कळत नसेल तर कंपनी थांबते. काइल हँडली आणि नूनो लिमाओ यांच्या मते २००० ते २००५ मध्ये अमेरिकेला होणारी चीनची निर्यात वाढली त्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा नुसती टांगती तलवार निघून गेल्याचा होता. टॅरिफ प्रत्यक्षात फारसा बदललाच नव्हता! २००१ पर्यंत अमेरिकेची संसद दरवर्षी चीनची कमी टॅरिफची सवलत चालू ठेवायची की नाही हे ठरवायची, ते संपलं, एवढंच.

बातम्यांतले एफडीआयचे आकडे कितपत खरे धरायचे?

घोषणा, मंजुरी आणि प्रत्यक्ष आलेला पैसा हे तीन वेगळे आकडे असतात आणि मथळ्यात बहुतेक वेळा पहिला असतो. त्यातही आलेला पैसा खरा कारखान्यात गेला का हा प्रश्न उरतोच. यानिक डॅमगार्ड, थॉमस एल्कियर आणि निल्स योहानसेन यांनी जगातल्या एफडीआयपैकी जवळपास ४० टक्के, सुमारे १५ ट्रिलियन डॉलर, नुसत्या कागदी कंपन्यांतून फिरणारा पैसा असल्याचं २०१९ मध्ये दाखवलं. सहा लाख वस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये अमेरिकेएवढं एफडीआय दिसत होतं.

स्वतः आकडे काढून बघायचे असतील तर काय सांभाळायचं?

टॅरिफचे दर जागतिक व्यापार संघटना आणि जागतिक बँक फुकट देतात, गुंतवणुकीचे आकडे अंकटाडच्या (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास संस्था) वार्षिक अहवालात मिळतात. गफलत होते ती सरासरीत. आयातीच्या प्रमाणात वजन देऊन काढलेली सरासरी दिसायला शास्त्रीय, पण एखाद्या वस्तूवर ३०० टक्के टॅरिफ असेल तर ती वस्तू आयातच होत नाही, तिचं वजन शून्य, आणि सगळ्यात उंच भिंत सरासरीतून गायब होते. साधी सरासरीही सोबत काढा, आणि जमलं तर ज्या उद्योगात परदेशी कंपनी आली त्याच्या कच्च्या मालाचे आणि तयार मालाचे दर वेगवेगळे शेजारी मांडा, कॉर्डनचं वजाबाकीचं गणित कागदावर दहा मिनिटांत होतं आणि ती कंपनी कशाच्या जोरावर आली याचा पहिला अंदाज तिथेच येतो.